परक्या गाडीला घातलेला हार

चहा आधी पिऊन घ्या. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला ठसका लागला तर तेही माझ्याच डोक्यावर यायचं, आणि डोक्यावर आता जागा उरलेली नाही हो! मोठ गावाहून परत आल्यापासून मी गल्लीतून खाली मान घालून चालतो. भाजीवालासुद्धा विचारतो, "काए बाबूजी, तबीयत ठीक नईं है का?" काय सांगू त्याला? की तबीयत ठणठणीत आहे, फक्त अक्कल गेली?

हसायचं असेल तर हसा. आमच्या सुलभाचं तर अजून चाललंच आहे. सुलभा म्हणजे माझी बायको. परवा आरती म्हणताना मध्येच तिला हसू फुटलं. देवापुढे! इतकी वाईट वेळ माझ्यावर आली आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो.

इथे झाशीत लक्ष्मी गेटाजवळच्या टपरीवर दर रविवारी सकाळी आम्ही जुने मोटरसायकलवाले जमतो. मोटरसायकलवाले म्हणायचं आपलं. गाडी एकाकडेही नाही. अरुणभैयाची बुलेट घर बांधताना गेली. आता तो सुनेची स्कूटी चालवतो. गुलाबी रंगाची! एके काळी ज्याच्या गाडीचा आवाज ऐकून अख्खी गल्ली घड्याळं लावायची, तो माणूस आता गुलाबी स्कूटीवरून कोथिंबीर आणतो. आणि मी? मी पायी. गुडघे दुखतात म्हणून तेही हळूच.

मग करायचं काय? बोलायचं. कुणाची गाडी घाटात कशी चढली, कुणाची नदीत कशी बुडाली आणि बाहेर काढल्याबरोबर कशी सुरू झाली. आमचं बोलणंही कसं, सुरुवात मराठीत, कार्बोरेटर आला की हिंदी, आणि कुणी "खोटं बोलतोस" म्हटलं की थेट बुंदेली. आमची मुलं हे सगळं ऐकतात, त्यांना समजतंही, पण उत्तर हिंदीतच देतात. माझा मुलगा म्हणतो, "पापा, हर इतवार आपकी गाड़ी थोड़ी और तेज़ हो जाती है."

माझी गाडी! कंपनीचं नाव घेत नाही, तिची कशाला उगाच बदनामी. टू-स्ट्रोक, काळी कुळकुळीत, टाकीवर लाल पट्टा. लग्नाआधी घेतली, आणि संसार वाढला तेव्हा मोठच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला विकून स्कूटर आणली. झाली त्याला पंचवीस-तीस वर्षं. पण टपरीवर ती दर रविवारी धावायची! अर्ध्या किकला सुरू व्हायची. एरच गावच्या रस्त्यावर, बेतवा नदीचं पाणी चाकाच्या वर आलेलं असताना ती बंद पडली नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की पाणी आता सीटपर्यंत आलंय.

अहो, पण खरं सांगतो, त्या गाडीवर माझा जीव होता. निवृत्त माणसाकडे काय असतं? सकाळी पेपर, संध्याकाळी औषधं. मधला सगळा वेळ मी मनातल्या मनात त्या गाडीवर बसून हिंडायचो. वारा लागायचा मला, खोटं नाही.

आणि एका रविवारी अरुणभैया टपरीवर आला तोच ओरडत. "दिनू! तुझी गाडी सापडली!"

"कुठली गाडी?"

"तुझी रे! मोठला लग्नाला गेलो होतो ना, तिथे मंडीतले हरगोविंदजी भेटले. म्हणाले, एक पुरानी गाड़ी है हमाए पास, झाँसी के मराठी बाबू से ली थी. अजून चालू आहे म्हणाले!"

मी कप खाली ठेवला.

"विकणार आहेत?"

"विकणार नाहीत. देणार आहेत. फुकट! त्यांच्याने आता चालवत नाही. म्हणाले, बेचेंगे नहीं, जिसकी थी उसी को लौटाएँगे. फक्त माणूस तोच आहे ना, एवढी खात्री त्यांना हवी. कुणीही सोम्यागोम्या येऊन माझीच म्हणायला लागला तर?"

मी सोम्यागोम्या! मी म्हटलं, अरुणभैया, डोळे बांधून शंभर गाड्यांत सोड मला, हात लावून माझी ओळखतो की नाही बघ. हे मी टपरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हटलं. तोंड आवरत नाही माझं, हीच तर माझी शोकांतिका आहे.

घरी आलो तर सुलभा गहू निवडत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आधी नीट बघा, मग नाचा."

"मी माझी गाडी ओळखणार नाही?"

"तुम्ही माझी बहीण समजून स्टेशनवर भलत्याच बाईच्या हातातली बॅग घेतली होती."

असल्या गोष्टी बायका कशा लक्षात ठेवतात कोण जाणे. पण स्वभावाने चांगली आहे. आमच्यात गाडी घरी आली की तिला ओवाळून, हार घालून, नारळ वाढवतात. दसऱ्याला तर हमखास. सुलभाने पिशवीत झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकवाची डबी सगळं भरून दिलं. म्हणाली, "तिथूनच पूजा करून आणा. इतक्या वर्षांनी यायचीय."

निघालो. पुढे अरुणभैया, मागे मी, मांडीवर हाराची पिशवी. कानपूरच्या रस्त्यावर ट्रक आम्हाला हॉर्न देऊन देऊन जात होते. दोन म्हातारे, गुलाबी स्कूटी आणि झेंडू. एका टेम्पोवाल्याने तर हात जोडले. कुठल्या देवाला चाललोय असं त्याला वाटलं असेल! मला काही वाटलं नाही. येताना मी माझ्या गाडीवर येणार होतो. मुलाने विचारलं असतं तर त्यालाही मागे बसवून किल्ल्यापर्यंत चक्कर मारणार होतो.

हरगोविंदजींचं घर मंडीच्या मागे. मोठं अंगण, कडुनिंब, बाज टाकलेली. घरात पाहुण्यांची गडबड दिसत होती. अरुणभैया स्कूटी लावायला जागा शोधत राहिला आणि मी आत शिरलो.

आणि समोर ती! काळी कुळकुळीत, टाकीवर लाल पट्टा, चाकाच्या तारा उन्हात चमचमताहेत. अहो, माझे डोळेच भरून आले. मी तिच्याकडे धावलो. गुडघ्यांसकट धावलो!

तिच्यामागे, भिंतीला टेकून, तसलीच आणखी एक गाडी होती. गाडी कसली! अर्ध्या अंगावर पोतं, मागे चाऱ्याचा भारा बांधलेला, मडगार्ड सुतळीने आवळलेलं, आणि सीटवर एक कोंबडी ऐसपैस बसलेली. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अरुणभैया मागून आला. "दिनू, हीच का? नंबर बघ ना. तू टपरीवर सांगतोस तो शेवटी सत्तावीस. हिचा तर चौसष्ट आहे."

"अरे, दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नंबर बदलतात."

"मोठ झाशी जिल्ह्यातच आहे."

"आत्ता आहे. तेव्हा कुठे होतं?"

"तेव्हाही होतं!"

"भैया, तू बुलेटवाला. तुला काय कळणार टू-स्ट्रोकचं?"

तो टाकीपाशी वाकला. मग म्हणाला, "दूधवाल्याच्या कॅनवर आदळून टाकीला पोचा आला होता म्हणतोस, तो कुठाय?"

मी टाकीवर हात फिरवला. गुळगुळीत. काचेवरून फिरवावा तसा. मी म्हटलं, "बघ, कसा बुजवलाय! कळतसुद्धा नाही. पण माझ्या बोटांना कळतंय."

काय म्हणावं अशा माणसाला? नंबर नाही, पोचा नाही, आणि जे जे नव्हतं ते ते मला पुरावा वाटत होतं!

मी पिशवी उघडली. हँडलला हार घातला. टाकीवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ पुढच्या चाकाशी फोडला तर पाणी उडून थेट दिव्यावर, मीटरवर, सीटवर. मला वाटलं, शुभ! मग मी तिच्या टाकीवर डोकं टेकलं आणि सरळ रडलो. हो, रडलो. अंगणात दहा-बारा माणसं जमली होती, बायका पदराआडून बघत होत्या, आणि मी एका मोटरसायकलच्या गळ्यात पडून हुंदके देत होतो.

तेवढ्यात हरगोविंदजी बाहेर आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर गमछा. ते बाजेपाशीच थांबले. दारातला पाहुणा, शिवाय रडतोय, त्याला एकदम कसं अडवायचं? तिकडची माणसं फार अदबीची हो. माझं पोट भरेपर्यंत रडून झालं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बाबूजी, जेई है?"

"हाँ हरगोविंदजी, यही है! अंधेरे में भी पहचान लूँ!"

"पक्की बात?"

"अरे, यह मेरी जान है! बेतवा में सीट तक पानी था, और यह—" मग मी बेतवा सांगितली. सगळी. पाणी या वेळी हँडलपर्यंत आलं. लोक ऐकत होते, मान डोलवत होते. मी रंगलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मागच्या गाडीकडे बोट केलं. "और वा?"

तिथे गप्प बसायचं की नाही? ज्याच्या अंगणात उभं आहोत, त्याची ती गाडी, निदान कोंबडी तरी त्याची! पण मी आधीच हवेत. मी हात झटकून म्हटलं, "वो? वो कबाड़ा? भैया, ले जाए कोई, जान छूटे!"

कुणीतरी खोकलं. अरुणभैयाने मागून माझा शर्ट ओढला.

आणि घरातून एक तरणाबांड गडी टॉवेल गुंडाळून, अर्ध्या दाढीला साबण लावलेला, ओरडत बाहेर आला. "अरे! हमारी गाड़ी पे जे नारियल कौन ने फोड़ दओ?"

हरगोविंदजी म्हणाले, "बाबूजी, जे हमाए दामाद हैं. कानपुर से आए हैं. गाड़ी इनई की आय. पिछले महीने नई रंगवाई है."

धरणी दुभंगून पोटात घेईल म्हणून मी वाट पाहिली. मोठच्या धरणीला काही घाई नव्हती. मग मी रुमाल काढला आणि त्या जावयाची टाकी पुसायला लागलो. नारळाच्या पाण्याने भिजलेली हळद हो! पुसली तशी पसरली. लाल पट्टा पिवळा झाला. जावई म्हणत होता, "रहन देओ, रहन देओ!" आणि मी पुसतोय. शेवटी त्याने माझा हातच धरला.

"तो... मेरी?" मी विचारलं.

हरगोविंदजी भिंतीकडे गेले. कोंबडीला हाकललं, चाऱ्याचा भारा सोडला, पोतं ओढून काढलं. "तुमाई तौ जे आय."

मी जवळ गेलो. नंबर, शेवटी सत्तावीस. टाकीला डाव्या बाजूला पोचा, अख्खी मूठ मावेल एवढा. लाल पट्ट्याचा एक तुकडा गंजातून दिसत होता.

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या मनात काहीच हललं नाही. काही म्हणजे काहीच नाही. मघाशी परक्या गाडीवर इतकं रडलो होतो, आणि स्वतःच्या गाडीसमोर डोळे कोरडे. इतकी वर्षं मी जिच्यावर बसून हिंडलो ती ही नव्हतीच. ती कुठेच नव्हती. त्या क्षणी मला जे वाटलं ते टपरीवर सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. फार एकटं वाटलं.

हरगोविंदजींनी किक मारली. एकदा, दोनदा, आणि धूर सोडत ती सुरू झाली. त्यांनी तिच्या दिव्यावर गमछा फिरवला. आपल्या घरच्या म्हशीला थोपटावं इतक्या सहज. म्हणाले, "बिटिया का रिश्ता इसी पे गए थे देखने. अम्मा को अस्पताल इसी पे ले गए. मंडी रोज."

आता मात्र हवी होती हो मला ती! पोचा आलेली, सुतळी बांधलेली, कशीही. मी हात जोडले. "हरगोविंदजी, माफ करो. नज़र कमज़ोर हो गई है. गाड़ी मेरी ही है. नंबर मिल गया, निशान मिल गया. आपने कहा था न, आदमी वही हो तो दे देंगे? आदमी वही है! कसम से, वही हूँ!"

त्यांनी गाडी बंद केली. माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाबूजी, सकारे से जेई चिंता हती. सूरत तौ हम भूल गए थे. बाल भी नईं रहे आपके. हम सोच रए थे, कैसे पहचानें? फिर आपने बोला, तब याद आ गया. जब गाड़ी हमें दी थी, तब भी आपने ऐसेई हाथ झटक के कहा था, 'ले जाओ जे कबाड़ा, जान छूटे.' अब कोई शक नईं. आदमी वही है."

अहो, मी आनंदाने उडीच मारली. "तो फिर दे रहे हैं न?"

हरगोविंदजींनी पोतं उचललं, गाडीवर नीट पांघरलं आणि म्हणाले,

"आदमी वही है बाबूजी, इसीलिए तौ नईं दे रए."