जळबा ड्रायव्हरचं उघडं स्वयंपाकघर

जळबा पाईकराव एकतीस वर्षं एसटीची गाडी चालवत होता आणि एकतीस वर्षं त्यानं घरचं जेवण डब्यातूनच खाल्लं. कधी सेनगावच्या स्टँडवर, कधी औंढ्याच्या, कधी गाडी बंद पडली तर रस्त्याकडेच्या लिंबाखाली. डबा उघडला की ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि लसणाची चटणी निघायची. ती कशी होते, कुठून येते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. निवृत्त झाल्यावर डब्याच्या जागी ताट आलं, एवढाच काय तो फरक. बैठकीत टीव्हीसमोर बसायचं, "आण गं" म्हणायचं, की भिंतीच्या पलीकडून पंचफुला ताट घेऊन यायची.

आखाडा बाळापुरातलं त्याचं घर तसं आटोपशीर. समोर बैठक, मागं स्वयंपाकघर, बाजूला निजायची खोली. बैठक आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक भिंत आणि तिच्या एका टोकाला अरुंद दार. बैठकीत सोफा, टीव्ही, शोकेस. निजायच्या खोलीत पलंग आणि सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. ते टेबल निजायच्या खोलीत काहून, असं कुणीही विचारलं असतं. मुलानं, प्रज्ञेशनं, पुण्यात नोकरी लागल्याच्या आनंदात ते टेम्पोत घालून पाठवलं होतं. बैठकीत ते मावेना, म्हणून तिकडं सरकवलं. गेल्या चार वर्षांत त्या टेबलावर गोधड्यांखेरीज दुसरं काही बसलं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी पंचफुला वरच्या फळीवरचा मुरमुऱ्यांचा डबा काढायला प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली. स्टूल सरकलं. डबा, मुरमुरे आणि पंचफुला, तिघंही एकदमच खाली आले. नडगीचं हाड मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "दीड महिना हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

निजायच्या खोलीत टेबलामुळं पलंगाभोवती फिरायला जागा नव्हती. म्हणून सोफा भिंतीला रेटून पलंग बैठकीत आणला. सून ऐश्वर्या लेकराला घेऊन आली, चार दिवस राहिली, आणि रजा संपली तशी डोळे पुसत परत गेली. शेजारच्या खतीजाबीनं आठ-दहा दिवस दोन्ही वेळचं सालन, म्हणजे कालवण, पाठवलं. पण एका दुपारी रिकामं भांडं परत देताना जळबाला ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "उद्यापासून मी करतो."

पंचफुलानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "चहा तरी येतो का तुमाला?"

"येईल. त्यात काय हाय?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात भिंतीच्या आरपार आरडाओरडा सुरू झाला.

"हळद टाकली का?"

"टाकली!"

"किती?"

"लई!"

"अवो, चिमूटभर टाकायची असते!"

"मंग आधी सांगायचं ना!"

मग पंचफुला पुन्हा ओरडायची, "फोडणी जळून राहिली!"

"तुला तिकडून कसं कळलं?"

"पाय मोडलाय माझा, नाक न्हाई!"

ही जुगलबंदी चार घरांपलीकडं ऐकू जायची. ओरडून भागेना तेव्हा जळबानं दुसरा मार्ग काढला. प्रत्येक गोष्ट तो तिला नेऊन दाखवायचा. परतलेला कांदा उलथन्यावर घेऊन यायचा, "एवढा लाल बराबर हाय का?" मळलेलं पीठ काठवटीसकट आणायचा. ती बोट दाबून म्हणायची, "अजून मळा, तडकंल." तो काठवट घेऊन परत जायचा, तोवर तिकडं तव्याचा धूर झालेला असायचा. एका दुपारी उकळत्या वरणाचं पातेलं चिमट्यात धरून तो अरुंद दारातून वळत होता. एसटीची लांबलचक गाडी त्यानं कुठल्याही घाटात कधी घासू दिली नव्हती. पण त्या दारात त्याचं कोपर चौकटीला लागलं आणि अर्धं वरण त्याच्या पायावर सांडलं.

खतीजाबी धावत आली. तिनं त्याच्या पायावर गार पाणी ओतलं, मलम आणलं. पंचफुला पलंगावरून म्हणाली, "आता दोघं आडवे झालो तर एक पलंग पुरायचा न्हाई." तिला हसू आवरेना. जळबा मात्र हसला नाही. ओला पाय खुर्चीवर ठेवून तो बराच वेळ त्या भिंतीकडं बघत बसला.

संध्याकाळी लंगडत लंगडत तो शेजारी गेला आणि खतीजाबीचा नवरा नासेर मिस्त्री याला घेऊन आला. नासेरनं भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं, वर बघितलं, खाली बघितलं. "आडभिंत हाय, जळबाभाऊ. चार इंची. वजन सगळं वरच्या बीमवर हाय. पाडली तर घराला काही तकलीफ न्हाई." मग त्यानं आवाज खाली आणला. "भाभीला इचारलं का पण?"

"भाभी इथंच हाय," पंचफुला पलंगावरून म्हणाली. "आन् भाभीला कुणी काही इचारून न्हाई राहिलं."

जळबानं मग तिला सांगितलं. भिंत गेली की ती पलंगावरून बघेल, तो करेल. ओरडायला नको, भांडी नाचवायला नको. पुण्याच्या फ्लॅटमध्ये प्रज्ञेशकडं असंच तर आहे. ऐश्वर्या ओपन किचन म्हणते, तेच.

नासेर बाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हा पंचफुला हळू आवाजात म्हणाली, "तुमचे दोस्त येतात, पाव्हणे येतात, बैठकीत बसतात. मी भांडी आवरते, दार लोटते आन् मोरीजवळच्या कोपऱ्यात पाट टाकून बसते. घडीभर कुणी बघत न्हाई, कुणी बोलत न्हाई. माय गेली तवा मी तिथंच रडले. प्रज्ञेशच्या नोकरीचा फोन आला तवा बी तिथंच बसले होते. या घरात मला तेवढीच एक जागा हाय. ती बी उघडी करता का?"

जळबाला वाटायचं, ही भिंत धुरासाठी आहे. फार तर पाहुण्यांना खरकटी भांडी दिसू नयेत म्हणून. त्या कोपऱ्यात कुणी बसत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. एवढी वर्षं एका छपराखाली काढली आणि आपल्याच घरातली ही जागा आपल्याला माहीत नव्हती, याची त्याला लाज वाटली.

"असू दे," तो बाहेर जाऊन नासेरला म्हणाला. "न्हाई पाडायची."

पुढचे दोन दिवस जुनंच चालू राहिलं, फक्त आता जळबा लंगडत यायचा. कढई दोन्ही हातांत, पायाला फडकं, कपाळावर घाम. तिसऱ्या सकाळी तो असाच पिठलं दाखवायला आला, तेव्हा पंचफुलानं पिठल्याकडं बघितलंच नाही. ती म्हणाली, "नासेरभाईला बोलवा. पण मी सांगन तेवढीच पाडायची."

आणि तिनं सांगितलं. पलंगावर उशीला टेकून बसून ती हात करत होती आणि नासेर कोळशानं भिंतीवर रेघा ओढत होता. खालची भिंत कमरेइतकी ठेवायची, वरची काढायची. डाव्या अंगाला दार आहे तसंच. उजव्या अंगाला मोरीपासून दोन हात भिंत वरपर्यंत तशीच, तिला हात लावायचा नाही.

"अजून जरा इकडं, नासेरभाई. अजून. बस, बराबर!"

नासेर दोन पावलं मागं सरकला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "भाभी, तुमी पाय मोडायच्या आधी मला का न्हाई भेटल्या? माझी निम्मी कामं सुधरली असती."

त्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या. आधी त्या कुठं लावायच्या हे ठरलं. पूर्वेच्या भिंतीवरचं कॅलेंडर निघालं, तिथं खिळे ठोकले, जळबानं तसबिरी स्वच्छ पुसून लावल्या. मग पंचफुलाला खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून खतीजाबीच्या ओसरीत नेलं. दोन दिवस ती तिथं राहिली. इकडं छन्नी-हातोड्याचा आवाज आणि धुरळा, तिकडं खतीजाबीचा चहा. "पंचफुलाबाई, तुमारे मियाँ तो घर खोद डाले," खतीजाबी म्हणायची आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या.

भिंत उतरली, कडेला गिलावा झाला, वर काळाभोर कडप्पा बसला. आता प्रश्न सामानाचा. पंचफुलाला जेवायची जागा कडप्प्याला लागूनच हवी होती, म्हणजे तवा तिथं आणि ताट इथं. त्यासाठी चार वर्षांनी गोधड्या खाली उतरल्या आणि टेबल निजायच्या खोलीतून निघालं. निघालं म्हणजे निघेना. जळबा पुढं, नासेर मागं. जळबाच्या अंगात ड्रायव्हर संचारला. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, थांबा!" टेबल दारात आडवं अडकलं. नासेर आत, जळबा बाहेर. शेवटी नासेरनं टेबलाचे पाय खोलून काढले, तेव्हा ते बाहेर आलं. कडप्प्याला समांतर लावलं तर बसलं, पण सोफ्याला जागा उरेना. मोठा सोफा निजायच्या खोलीत गेला, शोकेस त्याच्या शेजारी. टीव्ही पलंगाच्या पायथ्याला ठेवावा असं जळबाचं मत होतं. पंचफुला म्हणाली, "तिथं ठेवला तर मला कढई कशी दिसंल?" टीव्ही दाराशेजारी गेला. आता जळबाला बातम्या बघायला मान मोडून बसावं लागे, पण ते त्यानं चालवून घेतलं.

पहिल्याच दिवशी फरक पडला. ओरडणं थांबलं. पंचफुला भुवई वर करायची, की मीठ कमी. हात हलवायची, की गॅस बारीक. दोन बोटं दाखवली की दोन मिनिटं. जळबा ओट्यापाशी उभा राहून अधूनमधून मान वर करून बघायचा, जसा पूर्वी आरशात मागची सीटं बघायचा.

पण बाहेरचे लोकही आता आत बघू शकत होते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ते आलं रविवारी. त्याच्याच गाडीवर पंधरा वर्षं कंडक्टर असलेला देविदास तब्येतीची चौकशी करायला आला. दारातूनच "जय भीम, वैनी" म्हणाला, वळून बघतो तर समोर जळबा. दोन्ही हात पिठात, गळ्यात पंचफुलाचा जुना टॉवेल, काठवटीत पसरलेली एक वेडीवाकडी भाकर. मध्ये लपायला भिंत नाही.

"अरे वा!" देविदास म्हणाला. "ड्रायव्हरसाब आता काठवटीवर ड्यूटी करून राहिले!"

तो चांगल्या मनानं म्हणाला. पण सोमवारी जळबा बाजारात गेला तेव्हा भाजीवाल्यानं विचारलं, "काका, भाकरी गोल व्हायली का?" चहाच्या टपरीवर कुणीतरी हसलं. जळबा घरी आला आणि पंचफुलाची एक जुनी साडी घेऊन कडप्प्याच्या वर दोरीला पडदा बांधला. "धूर बाहेर येतो," तो म्हणाला.

पडद्याआड त्याचं काम सुरू झालं. वरणात दोनदा मीठ पडलं. भाकर तव्याला चिकटली. मग पुन्हा तसाच ओरडा. "झालं का?" "कळना!" "दाखवा इकडं!" दुसऱ्या दिवशी दुपारी जळबा पडद्याआडून उलथनं घेऊन बाहेर आला, तेव्हा पंचफुला शांतपणे म्हणाली, "मी एवढी वर्षं केलं, तवा कुणी हसलं का? मंग तुमी केलं तर काहून हसतेत? हसू द्या. चार दिवस हसतील, मंग दुसरं काही तरी सापडंल त्यांना."

जळबानं उलथनं कडप्प्यावर ठेवलं. मग त्यानं दोरी सोडली, साडीची घडी घातली आणि पिठाला पाणी घातलं. या वेळी घाई केली नाही. पीठ रगडून मळलं, गोळा केला, तळहाताच्या कडेनं फिरवत थापला. पंचफुला उशीवरून मान उंच करून बघत होती. भाकर तव्यावर पडली, त्यानं वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग जाळावर धरली. कडेनं हवा शिरली आणि बघता बघता भाकर टम्म फुगली.

"आग्गं बया!" पंचफुला म्हणाली. तिनं टाळीच वाजवली. "मी हजारो भाकरी केल्या असतील, पण भाकर फुगताना अशी लांबून बसून कधी बघितली न्हाई."

ती भाकर त्यांनी अर्धी अर्धी खाल्ली. तिनं पलंगावर, त्यानं टेबलाशी. बरोबर ठेचा आणि थोडंसं जास्त झालेलं मीठ.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. वॉकर धरून पंचफुला पहिल्यांदा ओट्यापाशी आली, तेव्हा तिनं डबे उघडून बघितले, तिखटाचा डबा भलत्याच ठिकाणी आहे म्हणून कुरकुर केली आणि जळबाला म्हणाली, "सरका."

जळबा सरकला नाही. "पाय दुखंल. बस तिकडं."

"दुखंल तर दुखंल. माझा ओटा हाय."

"माझा बी हाय आता."

शेवटी वाटण्या झाल्या. भाज्या आणि कालवण पंचफुलाचं, भाकरी जळबाच्या. ती टेबलाशी बसून मेथी निवडते, तो पलीकडून पीठ मळतो, आणि मधल्या कडप्प्यावरून त्यांचं भांडण चालू असतं. भांडायला विषयांची कमी नाही: मेथीला लसूण किती, प्रज्ञेशला फोन कुणी करायचा, टीव्ही पुन्हा जागेवर कधी आणायचा. गेल्या आठवड्यात देविदास आला होता, आणि या वेळी त्याची बायकोही सोबत होती. जेवून झाल्यावर देविदास हात धुवायला उठला, तेव्हा ती कडप्प्यावर हात टेकून जळबाला म्हणाली, "भाऊजी, पीठ किती पाण्यात मळता, ते जरा आमच्या ह्यांनाबी सांगा."

जळबानं देविदासला आत बोलावलं आणि त्याच्या हातात काठवट दिली.