साठ जणांना पाठवलेला बगळा

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून उडवलं, कारण यात माझीही चूक आहे.

धम्मरत्नमामा चाकणच्या कंपनीतून व्हीआरएस घेऊन चिंचवडला एकटेच राहतात. रोज सकाळी एक फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवर साठ जणांना पाठवायचा. तोही डॉक्युमेंट म्हणून, क्लॅरिटी जायला नको! मग स्वतःच्या फोनमधून उडवायचा. "फोन भरतो गं. आणि लोकांकडं आहे की."

एक दिवस चऱ्होलीच्या रस्त्यावर मामांनी स्कूटरच थांबवली. फ्लॅटच्या नव्या स्कीमच्या होर्डिंगवर त्यांनीच काढलेला फोटो. धुक्यातली इंद्रायणी, एकटा बगळा. खाली नाव भलत्याच कुणाचं.

साइट ऑफिसातली मुलगी चांगली होती. "काका, ओरिजिनल फाइल आणा. त्यात तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल सगळं असतं. मग मी नाव बदलायला लावते."

मामांना नाव तेवढं हवं होतं. तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीनवर गाड्यांचे पार्ट काढले, एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

मग मामा फोन लावत सुटले. पुतण्या अजिंक्य म्हणाला, "सॉरी काका, डाउनलोडच नाही केला." जुने सुपरवायझर हसले, "राव, गुड मॉर्निंग कोण उघडतं?" मी घाईघाईनं दाबून बघितलं, तर फाइल आता मिळत नाही म्हणे. माझ्याकडे मामांचे असे चारशे न उघडलेले फोटो होते. मामा फक्त "बरं" म्हणाले.

उरला कोंडीराम. प्रेसवरचा वीस वर्षांचा जोडीदार, तळेगावचा. दोन वर्षांत त्याचं एक अक्षर उत्तर नाही, म्हणून मामा रुसलेले. फोन करायला जीभ रेटेना, शेवटी स्वतःच लोकलनं गेले.

कोंडीराम कॉटवर पडलेला. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली.

"वहिनी, कळवलं का नाही?"

गिरजावहिनी म्हणाल्या, "तुमचा फोन कदी आला न्हाई दादा, फोटूच येतोय. आला की हे बोटानं दाबत्यात. मंग दिसभर त्योच बगत्यात."

त्या फोनमध्ये सगळे फोटो होते. बगळासुद्धा, तारखेसकट.

होर्डिंगवर नाव बदललं. त्या होर्डिंगचा फोटो मामांनी कुणालाच पाठवला नाही. तळेगावला नेऊन दाखवला. कोंडीराम कितीतरी वेळ त्या नावावर बोट ठेवून होता.

तुमच्याही फोनमध्ये असेल ना कुणाचा तरी रोजचा, न उघडलेला फोटो? नुसता उघडू नका. याच रविवारी त्यांच्या घरी जा. मी चिंचवडला निघालेय.