बिया काढलेली लिंबं

भुताखेतांच्या अशा अनुभवांच्या पोस्टखाली येऊन "मांजर असेल" एवढीच कमेंट टाकून जाणारा एक माणूस असतो ना… तो मी. कुणाला जिन्यात पावलं ऐकू आली – मांजर. कुणाच्या स्वयंपाकघरात भांडं पडलं – मांजर. तेव्हा आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तर घ्या सूड उगवून. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, मांजर लिंबू चिरत नाही.

आमचं रो-हाऊस नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला आहे. जानेवारीतला रविवार, सकाळची वेळ, लख्ख ऊन. पार्किंगमधून गाडी बाहेर काढून तिथे टेबल मांडलेलं. मिसळ पार्टी! दहा-बारा माणसं, सगळी शेजारपाजारची.

पार्टी खरं तर दाजींसाठी होती, पण ते दाजींना कळू द्यायचं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे निफाडकडचे, ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात उभं आयुष्य काढलं, आता रिटायर. ताईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून ओझरच्या घरात एकटेच. सकाळी खिचडी लावायची, संध्याकाळी तीच संपवायची. पट्ट्याला घरीच खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. ताईने हॉस्पिटलमध्ये मला एकच सांगितलं होतं, "यांना एकटं जेवू देऊ नकोस." आणि मी तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा दाजींनी काहीतरी कारण सांगून टाळलं.

यात चूक माझीच आहे, असं आमच्या मंडळींचं, म्हणजे वैशालीचं, म्हणणं. मी पाहुण्यांच्या मागे भांडं घेऊन फिरतो. नको म्हणणाऱ्याच्या ताटावर हात असला तर बोटांच्या फटीतून वाढतो. एकदा एका साहेबांच्या शर्टवर श्रीखंड वाढलं आहे मी.

"तुम्ही आग्रह नाही करत, पाठलाग करता," वैशाली म्हणाली. "या वेळी कुणी कुणाला वाढायचं नाही. ज्याला हवं तो उठून घेईल. आणि तुम्ही खुर्चीत बसायचं."

मला कामं दिली दोनच. पाव आणायचे, आणि लिंबं आणून चिरायची.

स्कूटरवरून गेलो. पाव हँडलला लटकवले, लिंबं डिकीत टाकली. घरी पोचतो तोच दाजींचा फोन – "येतो का नाय ते बघतो." झालं! मी फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत, आग्रह न करता आग्रह कसा करावा या विवंचनेत. पाव आत गेले. लिंबं माझ्या डोक्यातून साफ गेली.

साडेदहाला माणसं जमली. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत होता, मटकी, शेव, दही, पापड सगळं टेबलावर. आणि तिथे आमच्याच निळ्या काचेच्या बशीत, ओल्या पांढऱ्या रुमालाखाली झाकलेल्या लिंबाच्या फोडी. ते बघून मला लिंबं आठवली! म्हटलं, वैशालीने वेळ मारून नेली वाटतं. तेवढ्यात तीच जवळून जाताना म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

आता इथे सरळ सांगायला हवं होतं की बाई, मी चिरली नाहीत. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कौतुक परत करायची माझी तरी हिंमत नाही. वाटलं, आमच्या लेकीने, सायलीने चिरली असतील. मी हसलो आणि खुर्चीत बसलो.

दाजी अकराच्या पुढे आले. कोपऱ्यातली खुर्ची धरली. "चहा पुरे मला, खाऊन आलोय." शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. माझी जीभ वळवळली… पण वैशाली समोरून बघत होती. मी हातांवर बसलो. अक्षरशः, दोन्ही तळवे मांडीखाली घालून.

बाकी मंडळी रंगात आली होती. समोरच्या मोरे वहिनींनी स्वतः लावलेलं दही आणलं होतं, मोरे त्याच दह्याची टिंगल करत तिसऱ्यांदा घेत होते. कुणाचं दाजींकडे लक्ष नव्हतं, आणि तेच बहुतेक त्यांना बरं वाटत असावं. दहा-पंधरा मिनिटांनी ते उठले. मला वाटलं निघाले. पण ते टेबलापाशी गेले, रुमाल उचलला आणि लिंबाची एक फोड हातात घेतली. ती उन्हात धरून, चष्मा कपाळावर सरकवून इकडून तिकडून बघितली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग फोड परत ठेवून त्यांनी प्लेट उचलली.

दोन प्लेटी मिसळ, पाच पाव. वर म्हणाले, "रस्सा आहे का अजून?"

मंडळी पांगल्यावर त्यांनी विचारलं, "लिंबं कोणी चिरली?"

"यांनी," वैशाली म्हणाली.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. "तुझ्या ध्यानात होतं?"

"काय?"

"बिया."

मी बशीकडे बघितलं. उरलेल्या एकाही फोडीत बी नव्हती. तेव्हा आठवलं… लग्नानंतरच्या पहिल्या सणाला दाजी आमच्याकडे जेवायला बसले असताना लिंबाची बी दाताखाली आली आणि ते पानावरून उठले होते. आई कानकोंडी झाली. तेव्हापासून ताई सुरीच्या टोकाने एकेक बी काढून मगच फोडी वाढायची, आणि वर ओला रुमाल टाकायची. आम्ही भावंडं तिला चिडवायचो – दाजींचं ऑपरेशन थिएटर.

मी विषय बदलला. म्हटलं, चला, तुम्हाला बसपर्यंत सोडतो. हेल्मेट काढायला डिकी उघडली… आणि आत पिशवी. आठच्या आठ लिंबं, अख्खी.

दाजींनी बघितलं. एक लिंबू उचललं, कारखान्यातला एखादा भाग तोलावा तसं तळहातावर तोललं, परत ठेवलं. मी त्यांना बस स्टॉपवर सोडलं. उतरल्यावर म्हणाले, "पुढल्या रविवारी माझ्याकडं या. सगळे. पोहे करतो."

घरी येऊन मी चौकशी आयोग नेमला. वैशालीने देवघरासमोर उभं राहून सांगितलं, तिने हात लावला नाही. सायली म्हणाली, तिने टेबल मांडलं तेव्हा बशी तिथे होतीच, तिला वाटलं आईने ठेवली. मोरे वहिनी म्हणाल्या, मी फक्त दही आणलं. ग्रुपवर विचारलं, "लिंबं कुणी आणली होती?" तिघांनी उत्तर दिलं, "छान होती." मग मी, वय वर्षं त्रेपन्न, चिमटा घेऊन ओल्या कचऱ्याचा डबा उपसला. पिळलेल्या फोडी मिळाल्या. बी एकही नाही. सिंकच्या जाळीतही नाही.

दाजींच्या त्या बियांची गोष्ट आता आम्हा घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. आणि घरच्यांपैकी कुणी चिरली नाहीत.

पुढच्या रविवारी ओझरला गेलो. दार उघडंच होतं. दाजी ओट्यापाशी स्टुलावर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सुरी. फोडीतल्या बिया एकेक करून वाटीत काढत होते. मी म्हटलं, "द्या, मी करतो."

"नको," ते म्हणाले. "तू अर्ध्या ठेवशील. बस तिकडं निवांत."

मी बसलो. पोहे वाढायलाही उठलो नाही. दाजी आमच्या पंगतीत बसून जेवले.

डिकीतल्या आठ लिंबांचं वैशालीने लोणचं घातलं. बरणी अजून आहे. मुरलं छान आहे, पण दर घासाला बी लागते. त्या बशीतल्या फोडी कुठून आल्या, ते मात्र आजही मला सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर लिहा खाली.

मांजर सोडून.