प्रेमसिंगची जास्तीची गाडी

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यात प्रेमसिंग राठोडची जुनी हिरवी जीप चिंचेखाली उभी असायची. शेताची कामं मोटारसायकलवर व्हायची. जीप निव्वळ मौजेची. तिजेला तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू रुजवतात आणि ते कोंब धरणाच्या पाण्यात सोडतात. त्या दिवशी प्रेमसिंग जीपमागं छोटी ट्रॉली जोडायचा. ट्रॉलीत टोपल्या, पातेली, डफ. जीपमध्ये पायांनी थकलेल्या म्हाताऱ्या.

एरवी तिच्यात खताचं पोतंसुद्धा चढत नसे. तांड्याचे बैल माल वाहायचे त्या काळी एक बैल देवाच्या नावानं सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझं घालत नसत. प्रेमसिंगनं तोच नेम जीपला लावला होता.

यंदा तीज तोंडावर आली आणि जीपचा विमा संपला. हिंगोलीचा विमा एजंट माणिकराव ओट्यावर येऊन बसला. त्यानं मोबाइलवरचा आकडा दाखवला, तसा प्रेमसिंगचा लेक कुलदीप उसळला.

"बापू, भंगारवाला जीपचे एवढे देणार न्हाई!"

"वर ट्रॉलीचे वेगळे," माणिकराव म्हणाला.

"गाडी फिरती वर्षातून चार-दोन दिवस," प्रेमसिंग म्हणाला. "तेवढ्याच दिवसांचा करा की विमा."

"तसं नसतं काका. बारा महिन्यांचाच भरावा लागतो."

"मंग भाड्यानं लावू," कुलदीप म्हणाला. "बाजारात सोयाबीन टाकायचं. विमा वसूल."

"भाड्याची गाडी म्हणून नोंदवून देतो," माणिकरावाला हुरूप आला.

"तिच्यात पोतं चढणार न्हाई."

"काहून पण?"

"सगळा तांडा ओझी वाहून राहिला. येक तरी मोकळी राहू दे."

"मंग काढा तशीच, बिनविम्याची," कुलदीप म्हणाला. " पोलिसानं अडवलं तर सांगा, देवाची जीप हाय!"

प्रेमसिंगच्या बायकोनं, पारुबाईनं, पदर तोंडाला लावून हसू दाबलं. प्रेमसिंग मात्र तापला.

"बिनविम्याची कशी काढू? लोकांच्या आया बसतात तिच्यात. कुणाचं हाड मोडलं तर तू देशील का भरून?"

आता पारुबाई मधे पडली. "अवो, दोन्ही गाड्यांचं झेपत न्हाई आपल्याला. जास्तीची हाय ती काढून टाका, मिटलं."

प्रेमसिंगनं चिंचेखाली पाहिलं, मग दाराशी लावलेल्या मोटारसायकलकडं.

"बराबर बोलली. कुलदीप, मोटारसायकलला गिऱ्हाईक बघ."

"काय? आन शेतात काय उडत जासाल?"

"पाय हायेत. मी शेतात पायी जाईन. म्हातारी लखमाबाई धरणावर पायी जाईल का, इचार तिला जाऊन."

बाजारच्या दिवशी मोटारसायकल गेली आणि जीपचा विमा भरला. दुसऱ्या दिवशी प्रेमसिंग खांद्यावर कुदळ टाकून शेताकडं निघाला. मागून तांड्यातल्या भुजंगचा ट्रॅक्टर आला.

"प्रेमसिंगदादा, घरी येवढी जीप आन तुमी चिखल तुडवून राहिले?"

"ती निजली हाय," प्रेमसिंग म्हणाला. ट्रॅक्टर थांबला होता, पण पायी जाईन म्हटलेला प्रेमसिंग काही चढला नाही.