हुआत अंकल आणि दुसरं पान

हुआत अंकलइतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि हा माणूस पोटासाठी जपानमधल्या सगळ्यांत वेगवान गाड्या विकत घ्यायचा. पूर्ण नाव तेओ बून हुआत. केपोंगच्या आमच्या यार्डात मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना अंकलच म्हणत. जपानच्या लिलावातून वापरलेल्या गाड्या आणायच्या, धुऊनपुसून विकायच्या, हा आमचा धंदा. दोन दारांच्या, टर्बोच्या, ज्यांचा आवाज ऐकून जेवणारा माणूस घास हातात धरून बाहेर बघतो, अशा गाड्या. कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची, हे अंकल ठरवत. तीनेक हजार तरी घेतल्या असतील. त्यांतल्या एकीतही ते कधी बसले नाहीत. स्वतःकडे एक जुनी, छोटी मोटारसायकल, आणि तिचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला कोणी पाहिला नव्हता.

मी कोकिलवाणी. परवाने, जकात, विमा, नोंदणी, यार्डातला सगळा कागद माझ्या हातून जातो. माझं टेबल अंकलच्या टेबलाला चिकटून, त्यामुळे सतरा वर्षं त्यांची भीती मी शेजारून पाहिली. वीज चमकली की ते कॉम्प्युटरची वायर काढत. मासा खाताना बोलत नसत. उभ्या गाडीच्या चाकामागे दगड लावत, तेसुद्धा सपाट जमिनीवर. मी घरी पोचल्याचा मेसेज केला नाही तर माझ्या नवऱ्याला फोन करत. या सगळ्यावरून त्यांची सगळ्यांत जास्त टर मीच उडवली, हे आधीच सांगून टाकते.

लिलावाआधी तिथला तपासनीस प्रत्येक गाडी तपासतो आणि एका कागदावर लिहितो. आम्ही त्याला शीट म्हणतो. गाडीचं चित्र, त्यावर ओरखड्यांच्या नि पोच्यांच्या खुणा, कोपऱ्यात गुण, आणि खाली हातानं खरडलेला जपानी मजकूर. लिलावात गाडी समोर येते आणि कॉफीचा एक घोट घेईपर्यंत विकली जाते, म्हणून शीट आदल्या दिवशीच वाचून ठेवावी लागते. अंकलना जपानी येत नव्हतं. पण तीस वर्षांत काही शब्द त्यांना ओळखीच्या चेहऱ्यांसारखे झाले होते. गंज, तेलगळती, पाणी शिरलेलं, तडा.

त्याहून मोठी विद्या म्हणजे तपासनीसांचं अक्षर. शीटवर नाव नसतं, पण अंकल अक्षरावरून माणूस ओळखत. एक घाईवाला होता, त्याच्या गाड्या ते घेतच नसत. एक तिरपा होता, तो गंज लपवायचा. आणि नागोयाकडचा एक गोल अक्षरवाला. अठरा वर्षांत त्याचं एक वाक्य खोटं निघालं नव्हतं. त्याची शीट आली की अंकलचा चेहरा खुलायचा.

"हात थरथरायला लागलाय हल्ली त्याचा," ते म्हणायचे. "पेन दाबतोय जास्त."

"एवढा जीव आहे तर लग्न करा त्याच्याशी," मी म्हणायची.

"तोही घाबरट आहे, वाणी. म्हणून नीट लिहितो."

हिल्मीची गाडी याच गोल अक्षरवाल्यानं तपासलेली होती. हिल्मी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. चार वर्षं तो दर शनिवारी यार्डात नुसता बघायला यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा, आणि शेवटी एकदाचे पैसे जमले. पांढरी, दोन दारांची टर्बो. आधीच्या मालकानं तिच्यात बरंच काही नवीन बसवलं होतं, त्यामुळे शीटची खालची जागा सामानाच्या यादीनं भरून गेली होती. उजव्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. म्हणजे मजकूर पुढच्या पानावर चालू. कॉम्प्युटरवर पहिलंच पान दिसतं. दुसरं असलंच तर मागाहून, जादाच्या चावीबिवीबरोबर पाकिटातून येतं, आणि अशा सजवलेल्या गाड्यांच्या याद्या लांबच असतात, म्हणून त्याची कोणी फिकीर करत नाही. अंकलनीही केली नाही.

पाकीट सोमवारी आलं. राया, म्हणजे ईद, त्याच आठवड्यात होती आणि सगळ्यांना गावी जायला गाडी हातात हवी होती. मी मान वर न करता नोंदणीचे कागद उरकत होते. पाकिटात जादाची चावी नि कसली पुस्तकं असतील, असं धरून मी ते बाजूला ठेवलं. तीन दिवस ते माझ्या टेबलावर पडून होतं.

गुरुवारी सकाळी नऊला हिल्मी गाडी न्यायला आला. बरोबर बायको मस्तुरा आणि पाच वर्षांची दामिया. डिकीत आजीसाठी बिस्किटांच्या बरण्या. यार्डाच्या रिवाजाप्रमाणे मी बाहेरच्या आरशाला लाल फीत बांधली. अंकलनी नेहमीप्रमाणे खिडकीशी वाकून सांगितलं, "हळू जा."

"अंकल, हळू जायला मी बस केली असती," हिल्मी म्हणाला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

सव्वाअकराला त्याचा मेसेज आला, बरोबर फोटो. पुढे गाड्याच गाड्या. "ताई, गोंबाकचा टोलनाका आत्ता ओलांडला. बोगद्यापर्यंत रांग आहे म्हणतात. बोगदा संपला की उतारावर हिला सोडतो, बघाच. दामियानं खेळून खेळून बॅटरी संपवली. गावी पोचल्यावर फोन करतो."

मी हसून फोन ठेवला आणि सुट्टीआधी टेबल आवरायला घेतलं. पाकीट फोडलं. चावी, पुस्तक, आणि शीटचं दुसरं पान. तेच गोल अक्षर.

"घ्या, तुमच्या नवरोबांचं पत्र," म्हणून मी ते अंकलच्या पुढ्यात टाकलं.

त्यांनी चष्मा लावला. कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"रेघ मारलीय त्यानं," ते म्हणाले.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या, पेन इतकं दाबून की कागद मागून फुगला होता.

"अठरा वर्षांत त्यानं कधी रेघ मारली नाही." त्यांचं बोट एकेका शब्दावर सरकत होतं. "पुढचं उजवं. चाक. खाली. तडा." पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही, पण तो त्यांना येत होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

आमच्या वतीनं बोली लावणाऱ्या जपानमधल्या एजंटला फोटो पाठवला. त्यानं दोन मिनिटांत वाचून दाखवलं: पुढच्या उजव्या चाकाला धरणारा खालचा दांडा नंतर बसवलेला आहे, त्याच्या सांध्याला तडा आहे, बदलल्याशिवाय वेगात चालवू नये.

"पण इथल्या सरकारी तपासणीत पास झालीय ना?" मी म्हणाले.

"उभ्या गाडीत तडा मिटलेला असतो. वेगात ब्रेक मारून वळण घेतलं, की सगळा भार त्याच्यावर. चाक आडवं पडेल," अंकल म्हणाले.

बोगद्यानंतर काय आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बेंतोंगपर्यंत वळणावळणांचा उतार, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही.

हिल्मीचा फोन बंद. मस्तुराचा नंबर आमच्याकडे नव्हता. महामार्गाच्या मदत क्रमांकावर सारखं तेच संगीत वाजत होतं. आमचे मालक मिस्टर याप दारात येऊन ऐकत होते.

"चाललीय ना गाडी अजून? इथून दुसरी गाडी काढून गेलात तरी त्याच रांगेच्या शेपटीला लागाल. फोन सुरू झाला की शांतपणे सांगू. उगाच गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही."

अंकल उठले आणि खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. "गाडी मी ओळखीन, वाणी. पण तो माझं ऐकायचा नाही, मी सगळ्यांनाच हळू जा म्हणतो. तू चल."

मी त्यांच्या मागे बसले. केपोंगमधून बाहेर पडेपर्यंत काटा चाळीसवर होता. मग मोठा रस्ता लागला आणि तो पन्नास, साठ, सत्तर झाला. ती गाडी सत्तरनं जाते, हे तिलाही माहीत नसावं, सगळे नटबोल्ट वाजत होते. शेजारून ट्रक गेला की आम्ही दोघं वाऱ्यानं ढकलले जायचो. अंकल काहीतरी पुटपुटत होते. कान लावला तेव्हा कळलं, ते त्याच पानावरचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

टोलनाक्यापुढे रांग लागली. तीन पदरी रस्ता गाड्यांनी गच्च, आणि दोन ओळींच्या मधून आम्ही, आरशांना कोपर घासत. उपवासाचे दिवस, माथ्यावर ऊन, खिडक्यांतून बाहेर आलेले पोरांचे पाय. मी पांढऱ्या गाड्या शोधत होते, आणि त्या दिवशी जगातली दर तिसरी गाडी पांढरी होती. दर वर्षी या रांगेला आम्ही शिव्या घालतो. त्या दिवशी मी माझ्या देवाला, मुरुगाला, हात जोडले आणि म्हणाले, आणखी थोडा वेळ हिला हलू देऊ नकोस. माझ्या डोळ्यांपुढून दामियाचे मागच्या सीटवरचे चप्पल घातलेले पाय जात नव्हते. सीटच्या कडेलाही ते पुरत नव्हते.

चढाच्या शेवटच्या टप्प्यात रांग सुटायला लागली. आधी एखादी गाडी सरकली, मग चार, मग सगळ्याच. लोक खुशीत हॉर्न वाजवू लागले. दोघांचं वजन घेऊन मोटारसायकल चढावर धापा टाकत होती.

"मी उतरते, तुम्ही जा," मी ओरडले.

"नाही. तुझ्याशिवाय तो थांबायचा नाही."

आणि मला लाल फीत दिसली. सातआठ गाड्या पुढे, डावीकडच्या पदरात. तिच्यापुढे बोगद्याचं काळं तोंड, आणि त्यात शिरणाऱ्या गाड्या वेग घेत होत्या.

अंकलनी मोटारसायकल कडेच्या रिकाम्या पट्टीत घातली, हिल्मीला मागे टाकलं आणि त्याच्या पुढे जाऊन सरळ रस्त्यात आडवी टाकली. मी कशीबशी बाजूला उडी मारली. अंकल हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. विजेला घाबरणारे अंकल. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. गाडीचं नाक त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

हिल्मी तणतणत उतरला. "अंकल, डोकं फिरलंय का? मुलगी आहे माझी आत!"

"म्हणूनच आलोय."

मी कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं त्या जपानी ओळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, लोण्यासारखी चाललीय. असं काही असतं तर आवाज आला असता."

"आवाज शेवटी येतो," अंकल म्हणाले. "चल, बाजूला घे. पण आधी मुलीला उतरव."

तो हलेना. मागचे लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले होते. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. मस्तुरानं दामियाला कडेवर घेतलं आणि ती आमच्यापाशी येऊन उभी राहिली. "घ्या हो बाजूला," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारा माणूस असा घामानं भिजून गंमत करायला येईल का?"

हिल्मीनं दात ओठ खात स्टीयरिंग फिरवलं. गाडी माणसाच्या चालीनं कडेला वळली, आधी डावं आणि मग पुढचं उजवं चाक पाण्याच्या नालीच्या बारक्या उंचवट्यावर चढलं, आणि टक् असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. सुपारी फुटावी एवढाच. गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसली आणि चाक आडवं होऊन तिच्याखाली गेलं.

हिल्मी आतच राहिला, दोन्ही हात स्टीयरिंगवर. तो तुटलेल्या चाकाकडे बघत नव्हता. बोगद्याकडे बघत होता.

"आजीकडे अजून किती लांब आहे?" दामियानं विचारलं.

मी मिस्टर यापना फोन केला. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी एक शब्दही वाद घातला नाही. तिघांना गावी न्यायला स्वतःची व्हॅन पाठवली. ती येईपर्यंत हिल्मी अंकलच्या शेजारी कठड्यावर येऊन बसला. निघताना त्यानं अंकलचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या छातीला लावला.

ते गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. अंकलना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, मी उघडून दिलं. मला राहवेना.

"पाकीट सोमवारीच आलं होतं, अंकल."

"माहीत आहे. शिक्क्यावरची तारीख वाचता येते मला."

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं.

"बाण मी चार महिन्यांपूर्वीच पाहिला होता," मग ते म्हणाले. "एक फोन केला असता तर त्याच संध्याकाळी दुसरं पान आलं असतं. पण अक्षर त्याचं होतं. म्हटलं, सामानाचीच यादी असणार." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तीस वर्षांत त्या एकाच दिवशी मला भीती वाटली नाही, वाणी."

आम्ही मोटारसायकल उचलली. एक आरसा फुटला होता, बाकी ठीक होती. परतीच्या बाजूला रस्ता मोकळा होता, सगळ्या गाड्या आम्हांला मागे टाकून जात होत्या. अंकल ताशी चाळीसनं चालवत होते. केपोंगपर्यंत मी एकदाही त्यांना घाई करा म्हणाले नाही.