रडली नाही म्हणजे तीच

मालिका बघताना गप्प बसायचं असतं, असं माझी सून मला सांगते. "आई, बघू द्या ना," म्हणते. बघ बाई, मी काय टीव्हीच्या आडवी उभी आहे? पण खून झालेल्या खोलीत इन्स्पेक्टर उघड्या हातानं कपाट धुंडाळायला लागला, की मी बोलणारच. आमची भिवंडीतली कितीतरी वर्षं चुका काढण्यात गेली आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

तेव्हा भिवंडीत लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारची. म्हणजे आमची मजा गुरुवारी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दर गुरुवारी दिवेलागणीनंतर टीव्हीवर एक हिंदी गुन्हेगारी मालिका लागायची. एका भागात एक खून, एक इन्स्पेक्टर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत खुनी हजर. आमच्या चाळीत टीव्ही दोन-तीनच होते आणि मंडळी जमायची आमच्याकडे, कारण आमच्याकडे बाबा होते.

बाबा फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. लूमवरून उतरलेला तागा टेबलावरून सरकवत न्यायचा आणि जिथं दोष दिसेल तिथं खडूनं खूण करायची, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. तुटलेली तार, तेलाचा डाग, लूम मध्येच थांबला की पडणारी पट्टी, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. मालिकाही ते तशीच बघायचे. "चूक दिसते कापडावर, पण झालेली असते लूमवर," म्हणायचे. "मागं जाऊन बघा." म्हणजे खुनी पकडला गेला की आम्ही पहिल्या दृश्यापर्यंत मागं जायचो आणि त्या लेखकाची सालटी काढायचो.

आमच्या पंचांत तिघं पक्के. समोरच्या खोलीतले रिटायर झालेले गुरुजी वेळेचा हिशेब ठेवायचे. पाचला पुण्यात असलेला माणूस सहाला ठाण्यात खून कसा करतो, हे त्यांचं खातं. बाबांच्याच कारखान्यातले जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे उत्तरेकडचे चाचा, यंत्रांकडे बघायचे. भिंतीपलीकडच्या कोकणी खालाकडे माणसांची तोंडं. खालाचे स्वतःचे लूम होते, नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि जीभ अशी की भलेभले बिचकून असायचे. "बेटा मेला आणि ह्या बाईची टिकली हलली नाय," असं ती एकदा म्हणाली आणि आम्ही हसून लोळलो. ती बाई पुढं खुनी निघाली तेव्हा खालानं आठवडाभर चाळीत मिरवलं.

आई तेवढी यात नसायची. ती बाबांच्याच कारखान्यात कांडी भरायची. लूमच्या धोट्यात आडव्या धाग्याची जी कांडी बसते, ती मशीनवर गुंडाळून द्यायचं काम. गुरुवारी ती मागं भिंतीला टेकून शेंगा सोलत बसायची. तिनं कधी एक चूक काढली नाही. उलट म्हणायची, बघा की गुपचूप, त्या बिचाऱ्यानं लिहिलंय ना कष्टानं.

मग एका दुपारी तपासणीच्या टेबलावरच बाबांनी मान टाकली. छातीतली कळ म्हणेपर्यंत संपलंसुद्धा सगळं.

आईची मशीन शेजारच्या शेडमध्ये होती. लूमच्या शेडमध्ये माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तिथं लोक ओठ वाचतात. चाचा मशीन आणि भिंतीच्या मधे शिरून आईसमोर उभे राहिले आणि ओठांनी म्हणाले, ते गेले. आईला कळलं. मशीनवरची कांडी अजून दोन मिनिटांची बाकी होती. आईनं ती पूर्ण भरली, काढून टोपलीत ठेवली, मशीन बंद केली, पदर झटकला आणि मग ती बाबांकडे गेली.

शेडमधल्या बायकांनी हे पाहिलं. बाराव्यापर्यंत सगळ्या आळीत झालं, की नवरा मेल्याचं कळलं तरी बाई कांडी भरून आली. त्यात आई घरीही रडली नाही. पाणी भरायला गेली की नळावर बायका बोलायच्या थांबायच्या. आमच्या भिवंडीत उचलली जीभ लावली टाळ्याला, याला काही कमी नाही. मला वाटायचं एकेकीच्या डोक्यात बादली उपडी घालावी. आई मात्र नंबर लावून, पाणी भरून, खाली बघत परत यायची.

हे सगळं शेलारला, आमच्या गावी, काकांपर्यंत गेलं. काका बाबांचे धाकटे भाऊ, माणूस वाईट नव्हे, पण गावात काय बोलतील ह्या एका गोष्टीवर त्यांचा संसार चालायचा. त्यांनी ठरवूनच टाकलं. आईनं काम सोडायचं, खोलीला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे द्यायची आणि आम्ही दोघींनी शेलारला यायचं. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी होऊन टायपिंगला जात होते. माझ्यासाठी गावातला एक मुलगाही त्यांनी हेरून ठेवला होता. असल्या आईजवळ पोरगी ठेवायची न्हाय, असं ते कुणाकडे तरी म्हणाले होते आणि ते माझ्या कानावर आलं होतं. असल्या आईजवळ! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आईला विचारलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, गुरुवारी येणार आहेत ते, तेव्हा सांगते. मला तिचा चेहरा बघूनच कळलं की ती हो म्हणणार. ती थकली होती.

त्या गुरुवारी काका आले ते संध्याकाळी. टीव्हीवर दीड महिना कापड टाकलेलं होतं. खाला आली, तिनं स्वतःच्या हातानं ते कापड काढलं आणि म्हणाली, तो असता तर त्यानं लावला असता. पाठोपाठ गुरुजी आले, चाचा आले. काकांना तो प्रकार आवडला नाही, पण खालासमोर कोण बोलणार? ते खुर्चीत बसले. आई नेहमीसारखी मागं, भिंतीला टेकून.

आणि नशीब बघा, त्या दिवशीचा भाग नेमका कापडाच्या कारखान्यातला. मालकाचा खून झालेला. पहिल्या दहा मिनिटांत आमचे पंच सुटले. इन्स्पेक्टर चालू लूमच्या मधोमध उभा राहून हळू आवाजात प्रश्न विचारतोय आणि कामगार पटापट उत्तरं देतायत. चाचांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, ह्याला एक तास आमच्या शेडमध्ये उभा करा, स्वतःचं नाव विसरेल. गुरुजींनी कारखान्याची सुट्टी रविवारी दाखवली म्हणून नाक मुरडलं. दीड महिन्यानं आमच्या घरात कुणीतरी हसलं. मीसुद्धा.

मग मालकाची बायको दाखवली. स्वयंपाकघरात उभी. शिपाई दारात येऊन सांगतो, साहेब गेले. ती वळते. गॅसवर दूध वर आलेलं असतं, ती गॅस बंद करते. मग पातेल्यावर झाकण ठेवते. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"हीच ती," खाला म्हणाली. "बघ, रडली नाय. हीच."

तोंडातून शब्द गेला आणि खालाला कळलं आपण काय बोललो. तिनं ओढणी तोंडाला लावली. तेवढ्यात जाहिराती लागल्या. खोलीत साबणाचं गाणं वाजत होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

काका बघत होते. आईकडे वळून म्हणाले, "वैनी, टीवीतली बाई तरी दूधच बघत व्हती. आमच्याकडं तर कांडी भरून येतात."

मी उठले. टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि वळले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण बाबांची शिकवण होती, मागं जाऊन बघा. मी काकांना विचारलं, तुम्ही होतात का शेडमध्ये? नव्हतात. मग कुणी सांगितलं? बायकांनी. त्या बायकांच्या मशीनी कुठं, आईची मशीन कुठं? आईच्या मशीनचं तोंड भिंतीकडं आहे. तिची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. आत्ताच तुम्ही सगळे हसलात ना, की त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही? मग माझी आई रडली की नाही हे ऐकलं कुणी? दीड महिना आख्खी आळी जी गोष्ट सांगतेय, तिच्यात एवढं मोठं भोक आहे आणि टीव्हीतल्या चुका काढणाऱ्या ह्या शहाण्यांपैकी एकालाही ते दिसलं नाही? मी गुरुजींकडे बघितलं, खालाकडे बघितलं. कुणालाच सोडलं नाही मी. खरंतर मला वाटत होतं मी जिंकले.

"मी नाही रडले," आई म्हणाली.

शेंगांची परात तिनं बाजूला सरकवली. माझ्या एवढ्या वकिलीवर तिनं एका वाक्यात पाणी ओतलं होतं. मी तिला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होते. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघितलं.

"भरली मी कांडी. अर्धी कांडी टोपलीत टाकत नाहीत. ती पुढच्या माणसाच्या लूमवर मध्येच संपते आणि कापडाला पट्टी पडते." मग म्हणाली, "आणि भाऊजी, मशीन बंद करून उठले की मी विधवा होणार होते. ती कांडी भरेस्तोवर मी सवाष्ण होते. दोन मिनिटं होती माझ्याकडे. ती मी कुणाला का देऊ?"

काकांनी मान खाली घातली. खाला उठली आणि आईला खेटून खाली फरशीवर बसली. गुडघ्यांचा त्रास होता तिला, एरवी ती खुर्चीखेरीज बसायची नाही.

चाचा दाराशी बसले होते. बातमी त्यांनीच सांगितली होती ना, त्याचं ओझं होतं त्यांच्यावर. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ती कांडी मी दुसऱ्या कुणाला दिली नाही, भाभी. मीच लावली, चार नंबरच्या लूमला. शेवटपर्यंत तार तुटली नाही."

मला रडू फुटलं. मी सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत रडले. आईनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, आवाज कर की जरा, लागलं वाटतं परत.

मी डोळे पुसत आवाज वाढवला. शेवटची पाच मिनिटं होती. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना एका खोलीत गोळा केलं आणि त्या बायकोवर बोट रोखलं. तीच खुनी. का, तर म्हणे ज्या बाईला खरं दुःख होतं तिला गॅसवरचं दूध दिसत नाही. काकांनी हळूच मान वर केली. आमच्या तिन्ही पंचांत कुणाची जीभ उचलेना.

"चुकीचं दाखवलंय," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं काढलेली ही पहिली चूक. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"दूध दिसतं," ती म्हणाली.

काका जेवून गेले. आईनंच वाढलं त्यांना, भातावर तूपसुद्धा. किल्लीचा विषय त्यांनी काढला नाही, आईनंही नाही. जाताना दाराशी चपला घालताना ते एवढंच म्हणाले, की दिवाळीला या दोघी. किल्ली खिळ्यावर होती तिथंच राहिली. नळावरच्या बायका पुढंही बोलत राहिल्या, त्यांचं काय जातंय? फक्त आई आता वर बघून पाणी भरायची, आणि थांबलेल्यांना म्हणायची, बोला की, थांबलात का?

पुढच्या गुरुवारी मंडळी जमली. खालानं बाबांची जागा रिकामी ठेवली होती, टीव्हीसमोर, अगदी पुढं. आई स्वयंपाकघरातून शेंगांची परात घेऊन आली, भिंतीकडे गेली नाही, आणि तिथं बसली.