दोन रिंगांचा निरोप

हवामान कचेरीतल्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे हवामानकाका म्हणत. उन्हाळाभर ते एकच अंदाज लिहीत होते: हवा कोरडी, उकाडा कायम. लिहून लिहून त्यांना त्या वाक्याचा वीट आला होता. आज मात्र किनाऱ्यावर धडकलेल्या वादळाचा उरलासुरला जीव जमिनीवरून आत सरकत होता. "संध्याकाळी सगळीकडे जोरदार पाऊस," असा अंदाज त्यांनी रेडिओकडे धाडला आणि लगोलग घरचा नंबर फिरवला. दोन रिंगा वाजू दिल्या, फोन ठेवला आणि निर्धास्तपणे चहा मागवला.

ही नवराबायकोची जुनी खूण होती. दोन रिंगा म्हणजे पाऊस येतोय, गच्चीवरचे कपडे काढ. "रेडिओच्या आधी आमच्या दोरीला कळतं," असं काकू ऐटीत सांगायच्या.

संध्याकाळी काका भिजून घरी पोचले आणि तडक गच्चीवर गेले. सदरे, विजारी, टॉवेल, सगळं दोरीवर निथळत लोंबत होतं. काकांचं डोकंच फिरलं. जिन्यातूनच ते ओरडले, "अगं, फोन केला होता ना मी! लक्ष कुठे असतं तुझं?"

काकू हिवाळ्यातच गेल्या होत्या. त्यानंतर पाऊसच आला नव्हता, त्यामुळे रिंग द्यायची वेळ आली नव्हती.

काका परत वर वळले. दोरीवर फक्त त्यांचेच कपडे होते, आणि सकाळी ते त्यांनीच वाळत घातले होते.